मुंबईच्या नळाच्या पाण्यावर नवा फिश टँक: मासे सोडण्यापूर्वी सायकल कशी पूर्ण करावी?

मुलुंडकर (धागाकर्ता)

नमस्कार. घरात दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा टँक नुकताच मांडला आहे. तळाला धुतलेली बारीक वाळू आहे, एक स्पंज फिल्टर आणि एक मागे अडकवायचा फिल्टर असे दोन फिल्टर आहेत आणि थोडी व्हॅलिस्नेरिया ही पाण्यात वाढणारी वनस्पती लावली आहे. ज्या दुकानातून हे सामान घेतले तेथे असे सांगण्यात आले की अँटी-क्लोरीनचे थेंब टाकून दोन दिवस फिल्टर चालवावा आणि तिसऱ्या दिवशी मासे घेऊन जावेत. दुसऱ्या एका दुकानात बॅक्टेरियाची बाटली दाखवून ती ओतल्यावर त्याच दिवशी मासे सोडता येतील असे सांगितले गेले. मी जे वाचले आहे त्यात मात्र चार ते सहा आठवडे मासे न सोडता टँक ‘सायकल’ करावा, म्हणजे अमोनिया घालून तो पचवणारे जीवाणू आधी वसवावेत, असे सर्वत्र म्हटले आहे.

वाट पाहण्याची आमची तयारी आहे आणि मुलांनाही तसे समजावले आहे. मला जाणून घ्यायचे आहे ते असे की, मासे नसताना लागणारा अमोनिया मुंबईत कोणत्या रूपात मिळतो, तो किती घालावा, टँक तयार झाला हे नेमके कशावरून ठरवावे आणि महापालिकेच्या पाण्यात विशेष लक्ष देण्यासारखे काही आहे का. आता जुलै सुरू झाला आहे आणि गणपतीत आम्ही आठवडाभर गावी जाणार आहोत, त्यामुळे त्या दृष्टीनेही नियोजन कसे करावे हे कोणी सांगितले तर फार उपयोग होईल. थेंबांची टेस्ट किट घेतली आहे. नळाच्या पाण्याचा पीएच ७.४ आणि केएच (पाण्यातील बायकार्बोनेटचे प्रमाण, अंशांत) ३ आला.

पाणवनस्पती

मुलुंडकर, मासे आणण्याआधी टेस्ट किट घेतलीत हे फार चांगले केलेत, कारण पुढचे सारे निर्णय त्या काचेच्या नळ्यांतील रंगावरच घ्यायचे आहेत.

आधी प्रक्रिया थोडक्यात सांगतो. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात, शिवाय उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो विरळ होतो. पन्नास लिटरच्या काचेच्या पेटीत तो साचतो आणि माशांचे कल्ले जाळतो. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो. हे नायट्राइटही विषारीच असते, कारण ते रक्तात शिरून हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करते, जे प्राणवायू वाहू शकत नाही. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो आणि त्याचे रक्त तपकिरी दिसू लागते. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून ते काबूत ठेवता येते. हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, तर फिल्टरचा स्पंज, वाळू आणि काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात आणि त्यांची वाढ अतिशय सावकाश होते. एकाचे दोन व्हायला त्यांना कित्येक तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. सायकल म्हणजे या जीवाणूंची पुरेशी वस्ती मासे येण्याआधी वसवणे.

बाटलीविषयी विचारलेत म्हणून सांगतो. १९९८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी गोड्या पाण्याच्या टँकमधील जीवाणू तपासले तेव्हा नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा गटाचे असल्याचे दिसले; तोपर्यंत त्याचे श्रेय नायट्रोबॅक्टरला दिले जात असे. २०१५ मध्ये तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचे सगळे काम एकटीने करणारी नायट्रोस्पायराही सापडली. बाजारातल्या अनेक बाटल्यांवर मात्र बॅसिलस गटाची नावे दिसतात. हे जीवाणू कुजके अन्न विघटित करतात, अमोनियाचे नायट्राइट करणे हे त्यांचे काम नव्हे. ते बीजाणू करून बाटलीत दीर्घकाळ तग धरू शकतात, म्हणून ते विकणे सोपे जाते. नायट्रिफिकेशन करणारे जीवाणू बीजाणू करत नाहीत, त्यामुळे खरोखर तेच असलेली बाटलीसुद्धा उन्हात तापलेल्या वाहनातून आणि दुकानाच्या फळीवरून येईपर्यंत कितपत जिवंत राहते याची खात्री देता येत नाही. बाटली वापरावीशी वाटली तर वापरा. त्याने कालावधी कमी झाला तर उत्तमच. पण बाटली ओतली म्हणून मासे सोडू नका. चाचणी जी असेल ती तीच राहते.

ती चाचणी अशी. टँकमध्ये २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया घालावा आणि चोवीस तासांनी मोजावे. अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य आले, आणि हे सलग दोन-तीन वेळा घडले, म्हणजे टँक तयार झाला. तोवर कितीही आठवडे उलटले असले तरी तो तयार नाही, आणि तिसऱ्याच आठवड्यात हे घडले तर चौथ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

अमोनियासाठी सर्वांत सोयीचा पदार्थ म्हणजे अमोनियम क्लोराइड, ज्याला आपण नवसागर म्हणतो. गणित असे आहे: दर लिटरला साधारण ६.३ मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड घातले की २ पीपीएम अमोनिया होतो. तुमच्या टँकचे बाहेरचे घनफळ सुमारे ५६ लिटर भरते, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता पाणी पन्नास लिटरच्या आसपास असेल. म्हणजे एका वेळेला जेमतेम ०.३ ग्रॅम लागते, जे घरच्या काट्यावर नीट मोजता येत नाही. म्हणून ६.३ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ती बाटली वेगळी ठेवावी, तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी. मग टँकमध्ये जितके लिटर पाणी तितके मिलिलिटर हे द्रावण घातले की २ पीपीएम होतो. तुमच्यासाठी ते पन्नास मिलिलिटर.

एकदा २ पीपीएम घालून थांबा. सुरुवातीचे कित्येक दिवस काहीच हालचाल दिसणार नाही. लवकर व्हावे म्हणून जास्त घालू नका, कारण अमोनिया ५ पीपीएमच्या वर गेला की त्याच जीवाणूंची वाढ दबते. अमोनिया ०.५ च्या खाली आला की पुन्हा घाला. मधल्या काळात फिल्टर आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. याला फार ठोस कारण आहे: २ पीपीएम अमोनियाचे पूर्ण नायट्रेट व्हायला दर लिटरला सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो, आणि ३० अंश तापमानाला पाण्यात एकूण प्राणवायूच जवळपास तेवढा विरघळू शकतो. वरून सतत हवा मिळाली नाही तर जीवाणूंचे काम तिथेच अडते.

मुंबईच्या हवेचा एक लाभ आपल्याला फुकट मिळतो. या जीवाणूंना २५ ते ३० अंशांचे पाणी मानवते आणि आपल्या घरांतील टँकचे पाणी वर्षाचे बहुतेक महिने हीटरशिवायच तेवढे उबदार असते.

रसायनवाचक

वरील माहितीला एक आवश्यक जोड देतो. किराणा दुकानात किंवा कल्हईवाल्यांच्या सामानात मिळणारा नवसागर अशुद्ध असू शकतो आणि त्यात इतर क्षार किंवा धातूंचे अंश असल्यास ते टँकमध्ये जातील. प्रयोगशाळेच्या दर्जाचे अमोनियम क्लोराइड घ्यावे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात रसायनांच्या आणि प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत चौकशी केल्यास लहान डबा मिळू शकतो आणि तेवढा कित्येक टँकना पुरतो. घरात फरशी पुसायला वापरतात ते अमोनियायुक्त क्लीनर कदापि वापरू नये, कारण त्यात सुगंध आणि फेस आणणारी द्रव्ये असतात.

कोळीवाडा

आमच्या ओळखीतले बरेच जण कोळंबीचा एक तुकडा जुन्या पातळ कापडात बांधून टँकमध्ये सोडतात आणि तो कुजू देतात. त्यानेही सायकल होते, हे मी पाहिले आहे. नवसागर आणण्याची खरोखर गरज आहे का?

पाणवनस्पती

कोळीवाडा, होते हे खरे आहे. परंतु कोळंबी किती वेगाने कुजेल आणि तिच्यातून किती अमोनिया सुटेल हे आपल्या हातात राहत नाही. आपल्या उकाड्यात ती दोन-तीन दिवसांत एकदम सुटते, पाणी दुधाळ होते, बुरशी धरते आणि वन-रूम-किचनमध्ये तो वास सहन करणे घरच्यांना कठीण जाते. शिवाय शेवटची चोवीस तासांची चाचणी करायला मोजून अमोनिया घालावाच लागतो. ज्यांना रसायन हाताळायचे नाही त्यांनी माशांचे कोरडे अन्न रोज चिमूटभर घालावे. ते कोळंबीपेक्षा सावकाश आणि शांतपणे काम करते.

दुधाळपणाचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो की नव्या टँकमध्ये पहिल्या काही दिवसांत पाणी पांढुरके झाले तर घाबरून सगळे पाणी ओतून देऊ नये. ते सेंद्रिय द्रव्यांवर वाढणारे निराळेच जीवाणू असतात आणि आपोआप ओसरतात. त्याचप्रमाणे पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते याचाही सायकलशी संबंध नाही, कारण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही पाण्यात डोळ्यांना दिसत नाहीत.

गिरगावकर

महापालिकेच्या पाण्याबद्दल मूळ प्रश्न होता, त्यावर लिहितो.

मुंबईला तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून पाणी येते. हे मुख्यतः पावसाचे साठलेले पाणी असल्यामुळे ते मृदू असते, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. मुलुंडकरांच्या नळाला केएच ३ आला, तो याच्याशी जुळतो. ज्या इमारतींत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते तेथे मात्र आकडे पूर्णपणे वेगळे येऊ शकतात, म्हणून शेजारच्या सोसायटीतील मित्राचा आकडा आपला समजू नये. आणि आपल्याच सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येत असतील तर तेव्हा पुन्हा मोजावे.

दुसरी बाब क्लोरीनची. शुद्धीकरणानंतर पाण्यात क्लोरीन ठेवलेलेच असते, कारण घरापर्यंतच्या वाहिन्यांत जंतू वाढू नयेत. जे क्लोरीन आपल्या पोटाचे रक्षण करते तेच फिल्टरमधील जीवाणूंना मारते. गच्चीवरच्या टाकीत पाणी साठून राहिले की त्यातील काही क्लोरीन उडून जाते, त्यामुळे अनेकांना अँटी-क्लोरीनशिवाय वर्षानुवर्षे काही त्रास होत नाही आणि त्यांना ते अनावश्यक वाटू लागते. परंतु सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने साफ केली जाते त्या दिवशी किंवा पावसाळ्यात क्लोरीनची मात्रा वाढवली जाते तेव्हा तेच पाणी टँकसाठी घातक ठरते. टाकी साफ होणार असल्याची सूचना लिफ्टजवळ लागली की त्यानंतर दोन-तीन दिवस टँकचे पाणी बदलू नये, ही सवय मी सर्वांना सुचवतो. एरवी सोडियम थायोसल्फेट असलेले कोणतेही अँटी-क्लोरीन बाटलीवरील प्रमाणात घालणे किंवा पाणी बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून दिवसभर ठेवणे, यांपैकी काहीतरी दर वेळी करावेच. आणि फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धरू नये. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो दाबून धुवावा.

मुलुंडकर, तुमच्या ओळखीत कोणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधील स्पंजचा एक तुकडा मागून घ्या. त्याच टँकच्या पाण्यात बुडवून, ओलाच ठेवून, शक्य तितक्या लवकर आणून तो तुमच्या फिल्टरमध्ये ठेवला तर कालावधी निम्म्याहून कमी होऊ शकतो. कोणत्याही बाटलीपेक्षा मला हा मार्ग अधिक विश्वासाचा वाटतो. मात्र त्या टँकमध्ये अलीकडे मासे आजारी पडलेले नसावेत आणि मेथिलीन ब्ल्यूसारखी औषधे वापरलेली नसावीत. दुकानातील टँकचा स्पंज मी घेणार नाही, कारण तेथे रोज नवे मासे येतात आणि त्यांच्यासोबत रोगही.

नव्या_घरात

हा धागा वाचून मला काळजी वाटू लागली आहे. मुलाच्या वाढदिवसाला नातेवाइकांनी वीस लिटरचा टँक आणि दोन गोल्डफिश भेट दिले. चार दिवस झाले, मासे वरच्या बाजूला येऊन तोंड उघडत आहेत. टँक सायकल केलेला नव्हता. आता काय करावे?

पाणवनस्पती

नव्या_घरात, हे लगेच करा: निम्मे पाणी काढून तितकेच क्लोरीन घालवलेले, त्याच तापमानाचे पाणी घाला. आज अन्न देऊ नका. पुढे दिवसाआड अगदी थोडे द्या, निरोगी गोल्डफिश तेवढ्याने उपाशी मरत नाहीत. एअर पंप नसेल तर आजच आणा. टेस्ट किट मिळेपर्यंत रोज निम्मे पाणी बदलत राहा आणि किट आल्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ०.२५ पीपीएमच्या आसपास किंवा खाली राहतील एवढे पाणी रोज बदला.

दहा लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात साधे मीठ विरघळवून घालावे, म्हणजे तुमच्यासाठी दोन ग्रॅम. मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरण्याच्या वाटेवर नायट्राइटशी स्पर्धा करते, त्यामुळे नायट्राइट रक्तात कमी जाते. अमोनियावर मिठाचा असा उपयोग नाही, त्याला पाणी बदलणे हाच उपाय आहे. जितके पाणी बदलाल तितक्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा घालावे, अधिक नाही.

घरात मनी प्लांट असेल तर त्याच्या दोन-चार फांद्या धुऊन मुळे पाण्यात आणि पाने बाहेर राहतील अशा टँकच्या काठावर लावा. वनस्पती अमोनियम थेट शोषून घेतात. हा पूरक उपाय आहे, पाणी बदलण्याला पर्याय नाही.

गोल्डफिश पुष्कळ घाण करतात आणि मोठे होतात, त्यामुळे वीस लिटर त्यांना मुळीच पुरणार नाहीत. मोठा टँक असणारा कोणी ते घेण्यास तयार असेल तर त्यांना देण्यात काही गैर नाही, आणि मग हाच टँक या धाग्याप्रमाणे शांतपणे तयार करता येईल.

नव्या_घरात

मनापासून आभार. पाणी बदलल्यावर तासाभरात दोघेही खाली उतरून फिरू लागले. किट उद्या येत आहे.

मुलुंडकर

सर्वांचे आभार. प्रयोगशाळेच्या दर्जाचे अमोनियम क्लोराइड मिळाले आणि वर सांगितल्याप्रमाणे द्रावण करून सुरुवात केली. जुना स्पंज मिळू शकला नाही. आतापर्यंतची स्थिती अशी: सुरुवातीला बरेच दिवस अमोनिया २ वरच राहिला. दुसऱ्या आठवड्यात तो उतरू लागला आणि नायट्राइट दिसू लागले. त्यानंतर अमोनिया उतरेल तसतसा पुन्हा भरत गेलो, आणि एकूण चार-पाच वेळा २ पीपीएम घातला. नायट्राइटचा रंग आता किटच्या रंगतक्त्यावरील शेवटच्या, म्हणजे ५ पीपीएमच्या रंगाहूनही गडद येतो. इथवर सर्व ठीक वाटत होते, परंतु गेले काही दिवस अमोनिया १ पीपीएमवर अडकून बसला आहे, खाली येतच नाही. नायट्राइटही हलत नाही. फिल्टर आणि एअर पंप अखंड चालू आहेत, वीज गेलेली नाही. जीवाणू मेले असावेत का? सगळे पाणी काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी का?

पाणवनस्पती

पहिल्यापासून काहीही करू नका. आज पीएच आणि केएच मोजून सांगा.

मुलुंडकर

पीएच ६.२. केएचच्या चाचणीत पहिल्याच थेंबाला रंग बदलला, म्हणजे १ किंवा त्याहून कमी.

पाणवनस्पती

मग कारण सापडले. जीवाणू जिवंत आहेत, त्यांना काम करण्याजोगे पाणी उरलेले नाही.

अमोनियाचे नायट्राइट होताना आम्ल तयार होते आणि पाण्यातील बायकार्बोनेट, म्हणजे आपण केएच म्हणून मोजतो ते, त्या आम्लाला शमवण्यात खर्च होते. २ पीपीएम अमोनियाच्या प्रत्येक मात्रेमागे साधारण ०.६५ अंश केएच संपतो. तुमची सुरुवात ३ वर होती आणि तुम्ही चार-पाच मात्रा घातल्यात, त्यामुळे गणिताने केएच जवळपास संपायलाच हवा होता आणि तसाच तो संपला आहे. केएच संपला की पीएचला धरून ठेवणारे काही राहत नाही, तो घसरतो, आणि ६.५ च्या खाली जीवाणूंचा वेग मंदावत जाऊन ६ च्या आसपास काम जवळपास थांबते. परदेशातील बऱ्याच ठिकाणी नळाचे पाणी जड असल्यामुळे तेथील लेखांत हा मुद्दा अनेकदा ओझरता येतो किंवा येतच नाही. तलावाच्या मृदू पाण्यावर सायकल करणाऱ्या मुंबईकराने मात्र केएच दर आठवड्याला मोजलाच पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नायट्राइट रंगतक्त्याच्या पलीकडे जाण्याचेही कारण यातच आहे. २ पीपीएम अमोनियाचे वजनाने सुमारे ५.४ पीपीएम नायट्राइट होते. चार मात्रांचे मिळून वीसच्या वर होते आणि त्यातील बरेचसे अजून टँकमध्येच पडून असणार. इतके नायट्राइट साचले की दुसऱ्या गटाचे जीवाणूही मंदावतात.

म्हणून आता साठ ते सत्तर टक्के पाणी बदला, नवे पाणी क्लोरीन काढूनच घाला. वाळू ढवळू नका आणि स्पंजला हात लावू नका, कारण वस्ती तेथेच आहे. पाणी काढल्याने ती जात नाही. त्यानंतर खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, एका भांड्यात विरघळवून घाला. दर लिटरला ३० मिलिग्रॅम सोड्याने केएच १ अंशाने वाढतो, म्हणजे तुमच्या पन्नास लिटरला दीड ग्रॅमने १ अंश. साडेचार ग्रॅम, म्हणजे साधारण सपाट एक चहाचा चमचा घातला की ३ अंशांची भर पडेल. खाण्याचाच सोडा घ्या. धुण्याचा सोडा वेगळा असतो आणि तो पीएच एकदम वर नेतो.

मासे असलेल्या टँकमध्ये मात्र हे असे एका दमात करू नये, हे येथे वाचणाऱ्या इतरांसाठी स्पष्ट लिहितो. आपली किट एकूण अमोनिया दाखवते. त्यातला मुक्त अमोनिया विषारी असतो आणि अमोनियम त्या मानाने पुष्कळ सौम्य. ३० अंश तापमानाला पीएच ७ असताना मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहून कमी असतो, पण पीएच ८ ला तोच साडेसात टक्क्यांच्या घरात जातो. आम्लयुक्त पाण्यात अमोनिया साचलेला असताना सोडा घालून पीएच झटकन वाढवला, तर कालपर्यंत तग धरून असलेले मासे तासाभरात दगावू शकतात. तेथे आधी पाणी बदलून अमोनिया उतरवायचा आणि मग केएच थोडा थोडा वाढवायचा. तुमच्या टँकमध्ये मासे नसल्यामुळे ही चिंता नाही.

रसायनवाचक

गणित अचूक आहे. दर वेळी सोडा घालायचा नसेल तर धुऊन उकळलेले शिंपले जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या प्रवाहात ठेवता येतात. ते कॅल्शियम कार्बोनेट आहे. पाणी आम्लाकडे झुकू लागले की सावकाश विरघळते आणि केएच सावरते. पीएच खूप खाली गेल्यावर तातडीचा उपाय म्हणून त्याचा उपयोग नाही, पुढच्या महिन्यांसाठी आहे. समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले शिंपले असतील तर अनेक पाण्यांतून धुवावेत.

मुलुंडकर

पाणी बदलले, सोडा घातला. दुसऱ्या दिवशी पीएच ७.५, केएच ४. त्यानंतर दोनच दिवसांत अमोनिया शून्य झाला आणि पुढच्या आठवड्यात नायट्राइट एकदम कोसळले. आता २ पीपीएम घातल्यावर चोवीस तासांनी दोन्ही शून्य येत आहेत. तीन वेळा करून पाहिले. नायट्रेट ४० च्या पुढे आहे. काचेवर तपकिरी थर दिसतो आहे. आम्ही पुढच्या आठवड्यात गावी निघत आहोत, तेव्हा मासे आताच आणावेत का?

पाणवनस्पती

अभिनंदन, टँक तयार आहे. तरीही मासे परत आल्यावरच आणा. नव्या माशांचे पहिले आठ दिवस कोणाच्या तरी नजरेखाली गेले पाहिजेत: ते खातात का, अंगावर पांढरे ठिपके येतात का, फिल्टर नीट चालतो का. शेजाऱ्यांच्या हाती अन्नाचा डबा दिला की बहुधा चौपट अन्न पडते आणि इतक्या परिश्रमाने उभी केलेली व्यवस्था त्याच आठवड्यात ताणली जाते.

निघण्याच्या दिवशी केएच पाहून घ्या, २ पीपीएम अमोनिया घाला आणि फिल्टर व एअर पंप चालू ठेवून जा. आठवडाभर अन्न नसल्याने हे जीवाणू नाहीसे होत नाहीत, वेग थोडा मंदावतो इतकेच. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तेवढे टाळा किंवा टँकच्या सॉकेटची वेगळी सोय करा. फिल्टर आठवडाभर बंद राहिला तर आत अडकलेल्या पाण्यातील प्राणवायू संपून वस्ती मरते.

गिरगावकर

विजेबद्दल पाणवनस्पती यांचे म्हणणे रास्त आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधील बिघाडाने मुंबईचा बराच भाग तासन्‌तास अंधारात होता, तेव्हा ज्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा एअर पंप होता त्यांना त्याचे मोल कळले. किंमत फारशी नसते. एक घेऊन ठेवावा. स्पंज फिल्टरला तो थेट जोडता येतो.

तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शैवालाचा आहे, नव्या टँकमध्ये येतोच. जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढावा.

मुलुंडकर

मेन स्विच चालू ठेवून टँकखेरीज बाकीची सर्व बटणे बंद करण्याची व्यवस्था केली आहे. परत आल्यावर कोणते मासे आणि कोणत्या क्रमाने, याबद्दल एक शेवटचा प्रश्न. मुलांची गप्पींची मागणी आहे, मला तळाशी फिरणारे कोरीडोरास आवडतात.

पाणवनस्पती

आल्यावर आधी पुन्हा २ पीपीएमची चोवीस तासांची चाचणी घ्या. ती उत्तीर्ण झाली की ऐंशी टक्के पाणी बदलून नायट्रेट २० च्या खाली आणा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मासे आणा. पहिल्यांदा पाच-सहा गप्पी पुरेत, आणि त्यातही सगळे नर घेतले तर संख्या तुमच्या हातात राहील. त्यांच्यानंतर दोन-तीन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्य राहिले तर लहान जातीचे सहा कोरीडोरास आणता येतील. ते कळपात राहणारे मासे आहेत, एक-दोन आणू नयेत. दोघांना एकाच पाण्यात ठेवायचे तर केएच ४ ते ५ आणि पीएच ७ ते ७.५ हा मध्यम मार्ग ठीक आहे.

क्रॉफर्ड मार्केटहून किंवा कुर्ल्याहून आणणार असाल तर सकाळी लवकर जा, म्हणजे लोकलच्या गर्दीत आणि उकाड्यात पिशवी फार वेळ राहणार नाही. ज्या टँकमध्ये एकही मेलेला किंवा ठिपके असलेला मासा दिसेल त्या टँकमधले काहीही घेऊ नका. घरी आल्यावर बंद पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्या, मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी थोडे थोडे टँकचे पाणी तिच्यात घालत राहा आणि शेवटी जाळीने फक्त मासे उचलून सोडा. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नका. पहिल्या दिवशी अन्न नको, दिवा बंद ठेवा. पुढचा आठवडाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा, आणि आकडे येथे लिहा, म्हणजे पाणी कधी आणि किती बदलायचे ते ठरवता येईल.